मागच्या खुर्चीवरचे दाजी

दाजींना नाव होतं. पदवीच्या कागदावर होतं, लग्नाच्या पत्रिकेतही छापलं होतं. पण मेहुण्याच्या दवाखान्यात पहिल्यांदा पाय ठेवला त्या दिवशी ते दाराबाहेर चपलांशेजारी राहिलं आणि परत कुणी आत आणलं नाही. मेहुणा त्यांना दाजी म्हणायचा, कारण ते त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्याचं ऐकून सिस्टर म्हणायला लागली, सिस्टरचं ऐकून शेजारचा औषधवाला, आणि बघता बघता गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा "दाजी, माझा दात हलतोय" म्हणत दारात उभी राहायला लागली. अख्ख्या गल्लीचा जावई झालेला माणूस, पण मान मात्र कुणाच्याच घरी नाही.

"घरजावई पुष्कळ पाहिले," औषधवाला म्हणायचा, "हा दवाखानाजावई मात्र पहिलाच."

दाजी ऐकायचे आणि तोंडाला पट्टी बांधून कामाला लागायचे. तसा बोलका माणूस नव्हताच तो. ज्याच्याशी दोन शब्द बोलावेत तो दिवसभर तोंड वासून पडलेला, त्याच्याकडून उत्तर यायचं ते "आं आं" एवढंच.

दवाखाना दोन खोल्यांचा. रस्त्याकडची मोठी खोली काचेच्या दाराची, तिथली खुर्ची मेहुण्याची. पाटीवर नाव त्याचं एकट्याचं, लोक त्याला मोठे डॉक्टर म्हणत. मागची खोली जिन्याखालची. छत असं तिरकं, की ताठ उभं राहिलं तर डोक्याला टेंगूळ. दाजी इतकी वर्षं तिथे राबले की खोलीबाहेरही मान एका बाजूला कलती ठेवूनच चालायचे. त्या खोलीत एकच गोष्ट चांगली होती, खिडकी. तिच्यातून ऊन कधी आत यायचं नाही, पण दिवसभर एकसारखा, शांत उजेड यायचा. दाताचा रंग बघायला तसाच उजेड लागतो.

मोठ्या डॉक्टरांची जीभ गोड. माणूस दुखणं घेऊन यायचा आणि त्यांच्या गप्पांनीच अर्धा बरा व्हायचा. दात उपटावेत ते त्यांनीच, कवळ्या बसवाव्यात त्यांनीच, पिवळे दात औषध लावून पांढरे करून द्यावेत ते त्यांनीच. फक्त दात भरायचं काम आलं की त्यांचं चित्त थाऱ्यावर नसायचं.

आता दात भरायचा म्हणजे काय, तर कीड कोरून काढायची, भोक धुऊन कोरडं करायचं, बारीक कुंचल्याने चिकट द्रव लावायचा, मग दाताच्या रंगाचा मऊ लगदा आत बसवायचा आणि त्यावर पिस्तुलासारख्या दिव्याचा निळा उजेड धरायचा. उजेड लागला की लगद्याचा दगड होतो. मात्र तो उजेड खोलवर शिरत नाही. म्हणून एक पातळ थर, त्यावर दिवा, मग दुसरा थर, पुन्हा दिवा, असं धीराने चढत यावं लागतं. घाई केली, किंवा दिवा धरलेला हात जरा कलला, तर वरचं टणक होतं आणि तळाला कच्चं राहतं. वरून टोचून बघितलं तर ठणठणीत. पिकलेल्या गळवासारखं, वर खपली आणि आत सगळा चिखल.

आणि हात कलतोच. कारण तो निळा उजेड डोळ्यात सुईसारखा घुसतो. माणूस आपसूक मान फिरवतो, आणि मान फिरली की तिच्या मागोमाग हातही फिरतो. मोठे डॉक्टर तर दिव्याचं बटण दाबलं की थेट काचेच्या दाराकडे तोंड करायचे. "काय हो, मुलीचं जमलं का?" असं रस्त्याने जाणाऱ्याला विचारायचे. दिवा इकडे गालाला शेक देत बसायचा. वर्ष-दोन वर्षांत तो दात आतून सडायचा, आणि माणूस परत आला की मोठे डॉक्टर त्याला मागच्या खोलीत धाडायचे. "दाजी, यांनी काहीतरी कडक चावलेलं दिसतंय, जरा बघा."

दाजी बघायचे. वरची खपली उडवली की आत ओला लगदा आणि त्याखाली काळी कीड. ते कुणाला एका शब्दानं काही सांगायचे नाहीत. सगळं खरवडून काढायचे, पहिल्यापासून थर चढवायचे, आणि दिवा लावला की दाताकडेच बघत राहायचे. डोळ्यात पाणी यायचं, दिवा विझल्यावर समोर पिवळा ठिपका नाचत राहायचा, पण हात म्हणून हलायचा नाही. त्यांनी भरलेला दात जबड्याबरोबरच जाईल, असं लोक म्हणायचे.

या उजेडाकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचं नसतं, हे दाजींना ठाऊक नव्हतं का? पुरतं ठाऊक होतं. पहिल्या दिव्याबरोबर एक नारिंगी काच आलेली होती. तिच्यातून बघितलं की निळा उजेड बोथट होतो. ती काच सिस्टरच्या हातून पडून फुटली. मोठे डॉक्टर म्हणाले, "गेली तर जाऊ दे. बघायचंच कशाला? उजेड त्याचं काम करतो, आपण आपलं तोंड फिरवावं."

दाजींनी दुसरी मागायची होती. इथेच सगळं घोडं अडलं.

त्याचं असं झालं होतं, की अगदी सुरुवातीला, लग्नाची हळद अजून फिकी पडायची होती तेव्हा, दाजींनी मेहुण्याकडे एक पाठीचं स्टूल मागितलं होतं. तिरक्या छताखाली वाकून कंबर धरायची, म्हणून. त्या दिवशी मेहुणा काही बोलला नाही. पण रविवारी सासरी सगळे जेवायला बसले तेव्हा भात वाढता वाढता त्याने हळूच सोडून दिलं, "आई, जावईबापूंना सिंहासन हवंय म्हणे." सासू हसली, सासरे हसले, धाकटी मेहुणी तर ठसका लागेपर्यंत हसली. आणि दाजींची बायको, तीही हसली. त्या हसण्यात वाईट असं काही नव्हतं, घरातलंच हसणं. पण दाजींनी पुढचा भात घेतला नाही. त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला, या घरात पुन्हा काही मागायचं नाही. स्टूल आलं, पण त्यावर ते कधी टेकले नाहीत. रोगी त्यावर पिशव्या ठेवायचे.

मग नारिंगी काचेचा चष्मा स्वतःच विकत आणायचा की. एकदा त्यांनी बायकोजवळ तसा विषय काढलाही.

"म्हणजे माझा भाऊ तुम्हाला साधा चष्मासुद्धा देत नाही, असं गावभर दाखवायचंय?" ती म्हणाली.

"गावाचा काय संबंध? डोळे माझे आहेत."

"मग त्याला सांगा ना. तोंड आहे की तुम्हाला."

"नको."

"नको तर नको. तुमचा ताठा तुम्हालाच लखलाभ."

झालं. मागायचा नाही आणि आणायचाही नाही. एवढ्याशा नारिंगी काचेवर दोन्ही घरांची अब्रू येऊन बसली.

दाजींचा जीव कशात असेल तर तो रंगात. दाताचा रंग पांढरा असतो असं ज्याला वाटतं त्याने आयुष्यात दात बघितलेला नसतो. कुठला पिवळट, कुठला राखी, कुठला मातकट, मुळाशी एक आणि टोकाला वेगळाच, टोक तर काही वेळा काचेसारखं निळसर. दाजींकडे खोट्या दातांचा एक पंखा होता, प्रत्येक दातावर अक्षर आणि आकडा. ए-दोन, ए-तीन, बी-दोन, सी-चार, असे. रोगी खुर्चीत बसला की दात वाळायच्या आत, ओला असतानाच, ते तो पंखा त्याच्या ओठाशी धरायचे. खरं तर त्यांना त्याचीही गरज नसायची. माणूस दारातून "दाजी" म्हणाला की तेवढ्यात त्यांचा हिशेब झालेला असायचा. घरी गेल्यावर बायकोला सांगायचे, "आज तो सी-चार भेटला होता, पोस्टाजवळ."

"कोण सी-चार?"

"अगं तो, शिंपी."

"माणसाला नाव असतं हो."

"मला कुठंय?"

बायको उठून पोळ्या लाटायला घ्यायची. तिचा ए-तीन. तिच्या भावाचाही ए-तीन, सासूचाही. त्या सगळ्या घराण्याचा एकच रंग, जरासा उबदार, पिवळसर.

पुढचा तुटका दात दाजींनी भरला तर तो कुठे तुटला होता हे रोग्याच्या आईलाही सांगता यायचं नाही. तसं काम दिसत नाही आणि न दिसणाऱ्या कामाचं कौतुक कोण करणार? लोक हसत बाहेर पडायचे, आणि पुढच्या खोलीतून मोठे डॉक्टर म्हणायचे, "काय, झालं ना झकास? आमच्या दवाखान्याचं काम असंच."

आणि मग तो रंग गेला.

एका दिवसात नाही गेला. आधी निळं आणि हिरवं एकमेकांत मिसळायला लागलं. नंतर एकदा बायकोने पडद्याला जोडायला सायीच्या रंगाचं कापड आणायला सांगितलं. दाजींनी आणलं ते पांढरंफेक. ती हसत सुटली. "दातांचे एवढे रंग ओळखता आणि कापडाचा एक कळेना?" दाजींनी कापड पडद्याला लावून बघितलं. त्यांना दोन्ही सारखीच दिसत होती. त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सिस्टर यायच्या आत दवाखाना उघडला, मागच्या खिडकीत उभे राहिले आणि पंखा उलगडला. ए-दोन आणि ए-तीन, बी आणि ए, सगळे धुक्यातल्या मेंढरांसारखे एका रंगाचे. अक्षरं झाकून त्यांनी ते दात सुटे केले आणि फिकटापासून गडदापर्यंत लावून बघितले. मग अक्षरं उघडी केली. कुणी पोरानं खेळून टाकल्यासारखे पडले होते.

दुसऱ्या गावच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे ते गुपचूप गेले, घरी मित्राला भेटायला जातो म्हणून सांगून. त्या डॉक्टरने ठिपक्याठिपक्यांची चित्रं दाखवली, थेंब टाकले, आत डोकावला, पुन्हा डोकावला.

"मोतीबिंदू असता तर काढला असता," तो म्हणाला. "हे मागच्या पडद्याचं आहे. गेलं ते परत येत नाही."

"दात भरायच्या दिव्यामुळे?"

"दिवा असेल, वय असेल, जन्मतःच कच्चेपणा असेल. खात्रीनं सांगणारा कुणी भेटला तर त्याला माझ्याकडे पाठवा." मग हसून म्हणाला, "आता तरी चष्मा लावा. उरलंय तेवढं राहील."

हसताना त्याचे पुढचे दात दिसले. दाजींनी सवयीने रंग शोधला. काही दिसलं नाही. नुसते दात होते.

चष्मा त्यांनी तेव्हाही आणला नाही. आता लावला तर विचारतील, आजच का? आणि एकदा का कळलं की दाजींना रंग दिसत नाही, तर पुढचे दात गेले हातातून, पाठोपाठ खुर्चीही. ती तिरकी, कोंदट, जिन्याखालची खुर्ची एवढीच एक गोष्ट या जगात दाजींची होती. ती टिकवायची तर कुणाला कळता कामा नये, एवढंच त्यांनी ठरवलं.

आणि टिकवली की. गाव जुनं, माणसं ओळखीची. दाजींना घराणीच्या घराणी तोंडपाठ. शिंप्याचा पोरगा आला की सी-तीन, बापापेक्षा एक पायरी उजळ. मास्तरणीची बहीण म्हणजे बी-दोन, मग काय बघायचंय? लगद्याच्या नळीवरची अक्षरं तर वाचता येत होतीच. नवखा रोगी आला की सिस्टरला म्हणायचे, "तू सांग बघू, कुठला वाटतो? शिकायचंय ना तुला?" सिस्टर बिचारी खूश होऊन सांगायची. पंखा मात्र ते दरवेळी ओठाशी धरायचे, मान कलती करून, डोळे बारीक करून. सोंग नीट वठायचं.

अशात मोठ्या डॉक्टरांची लेक दातांचं शिक्षण पुरं करून घरी आली. घरात तिला सगळे चिंगी म्हणायचे. लहानपणी तिने पाटी-पेन्सिलीच्या आधी दाजींचा रंगांचा पंखा हातात धरला होता. मागच्या खोलीत जमिनीवर बसून ती ते दात हलक्यापासून गडदापर्यंत मांडायची आणि चुकली की दाजी तिच्या डोक्यात टपली मारायचे. आत्याचे यजमान म्हणून ती त्यांना आतोबा म्हणायची. त्या घरात त्यांच्याशी मनापासून बोलणारं तेवढं एकच माणूस.

आता दवाखाना ती चालवणार, असं ठरलं. पाटी बदलायची होती, दिवे नवे यायचे होते. आल्या आठवड्यातच ती दवाखान्याच्या पायरीवर पाय घसरून पडली आणि पुढच्या दाताचा कोपरा उडाला. बाप म्हणाला, "बस इकडे, आत्ता करून देतो."

"तुम्ही नको, बाबा," ती तोंडावर रुमाल धरून म्हणाली. "माझा दात आतोबाच भरतील. आमच्या सरांनासुद्धा त्यांच्यासारखं जमत नाही."

हे शब्द दाजींनी मागच्या खोलीतून ऐकले. इतक्या वर्षांत त्या दवाखान्यात त्यांच्याविषयी मोठ्याने बोललेलं ते पहिलंच चांगलं वाक्य असावं.

सिस्टर त्या दिवशी आली नव्हती. दाजींना त्याची चिंता वाटली नाही. घरचाच दात, ए-तीनच. त्यांनी पंखा ओठाशी धरला, डोळे बारीक केले, "हं" म्हणाले आणि नळी उचलली. चिंगीने डोळे मिटून घेतले होते. दाजी त्या दिवशी असं काम करत होते की बघत राहावं. थर कागदासारखे पातळ. कोपऱ्याची धार शेजारच्या दाताकडे बघून हुबेहूब वळवलेली, टोकाशी एक बारीकशी खाचसुद्धा, जशी तिच्या दुसऱ्या दाताला होती तशीच. निळ्या उजेडात त्यांनी एकदाही पापणी पाडली नाही. मग चकतीने घासून असा चकाकवला की जीभ फिरवली तर सांधा लागू नये.

"बघ आरशात," ते म्हणाले.

चिंगीने आरसा घेतला. बघितलं. मग हसली.

"आतोबा, थट्टा करताय माझी?"

"का गं?"

"अहो, हा काय लावलाय?"

तोवर मोठे डॉक्टर हात पुसत आत आले. लेकीची हनुवटी धरून वर केली आणि म्हणाले, "हे काय, दाजी? चहा सांडलाय की काय दातावर?"

चिंगीने कॉलेजात दात पांढरे करून घेतले होते. तिथे पोरं शिकताना एकमेकांवरच हात साफ करतात. तिचे सगळे दात आता चुन्यासारखे पांढरे होते, आणि त्यात दाजींनी घराण्याचा ए-तीन बसवला होता, पिवळट डाग पडल्यासारखा. तिने सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं काय त्यात? ज्याला डोळे आहेत त्याला दारातूनच दिसतं.

मोठे डॉक्टर पुढे निघून गेले. चिंगी खुर्चीतून उतरली. तिचं हसू आता मावळलं होतं. तिने पंखा उचलला, खिडकीशी गेली, आकड्यांवर अंगठा ठेवला आणि एक दात पुढे केला.

"हा कुठला, आतोबा?"

दाजींनी डोळे बारीक केले.

"आणि हा?"

"ए-दोन."

"आणि हा?"

"चिंगे, पुरे."

तिने पंखा मिटला. "केव्हापासून?" तिने विचारलं.

"झालं बरंच."

"चष्मा का नाही लावलात? एवढासा चष्मा. आम्हाला पहिल्या दिवसापासून लावायला सांगतात. इतकी वर्षं त्या दिव्यात नुसते डोळे घालून बसलात? बाबांकडे मागायचा होतात."

दाजी हात धुवायला वळले. हातमोजे काढलेलेच नव्हते, तसेच धुतले.

दुसऱ्या दिवशी तो दात त्यांनीच पुन्हा भरला. चिंगीनं तसा हट्टच धरला होता. तिने रंगाचं अक्षर सांगितलं, दाजींनी त्या अक्षराची नळी घेतली. कालचा कोपरा कोरून काढताना त्यांना तो शेजारच्या दातासारखाच दिसत होता, आणि नवा बसवला तोही तसाच दिसला. चिंगी आरशात बघून म्हणाली, "बरोबर, अगदी बरोबर," आणि तिच्या डोळ्यात पाणी आलं. दाजींना त्याचा राग आला. काम चोख झालंय आणि बघणारा रडतो, असं त्यांच्या खुर्चीत कधी झालं नव्हतं.

दाजींच्या डोळ्यांचं एव्हाना घरात सगळ्यांना कळलं होतं. संध्याकाळी दवाखाना बंद करून घरची सगळी माणसं पुढच्या खोलीत बसली. मोठे डॉक्टर त्यांच्या खुर्चीत, चिंगी टेबलाशी, दाजी आणि त्यांची बायको रोगी बसतात त्या बाकावर.

"मी काय म्हणतो, दाजी," मोठ्या डॉक्टरांनी सुरुवात केली, "तुम्ही आता आराम करा. पुष्कळ केलंत. समोरची खुर्ची चिंगीला देतो, आणि मी जातो मागे. मला काय, जिन्याखालीसुद्धा चालेल."

"बाबा, दाढांना रंगाचं काय एवढं?" चिंगी म्हणाली. "दाढ कोण बघतंय? आतोबांनी मागच्या खुर्चीत दाढा भराव्यात. पुढचे दात मी बघेन."

"मी कुठे नाही म्हणतोय?" मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज दुधासारखा मऊ होता. "दाजींची इच्छा असेल तर खुर्ची त्यांचीच. पण त्यांच्या तोंडून येऊ दे. इतक्या वर्षांत या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नाही, आज मागू दे. मागा ना, दाजी. काय हवं ते मागा."

बायकोने बाकाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. एकदा, मग पुन्हा, जरा जोराने. चिंगी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. एक शब्द पुरे होता. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं.

दाजींनी तोंड उघडलं. त्यांच्यासमोर मेहुण्याचा चेहरा होता, किंचित हसरा, वाट बघणारा. आणि त्यांना एकदम कळलं की हा हे पुढच्या रविवारी जेवताना सांगणार. आई, दाजींनी शेवटी मागितलं बघ. तसं काही त्याच्या मनात नसेलही. पण दाजींना ते भाताच्या वासासकट ऐकू आलं.

"मला काही नको," ते म्हणाले.

बायकोने पाय काढून घेतला. घरी गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "लाकडाचे असता तरी आतापर्यंत वाकला असता."

तरी मोठे डॉक्टर दिलदार. दाजी घरी बसून कुढतील म्हणून त्यांना दाराजवळ टेबल दिलं. आल्यागेल्याला बसवायचं, कुणाचा नंबर ते बघायचं, आत हाक द्यायची. पाठीची खुर्चीसुद्धा होती. दाजी तिच्यात पुढे सरकून बसायचे, पाठ न टेकता. चिंगीने दोन्ही खोल्यांत नारिंगी चष्मे टांगले. बापाने एक दिवस घातला आणि नाकाला रुततो म्हणून काढून ठेवला. चिंगीनं सुरुवातीला दोन-चारदा टोकलं, मग तिच्याच खुर्चीपुढे एवढी रांग लागायला लागली की मागे काय चाललंय ते बघायला तिला फुरसत मिळेना.

एके सकाळी एक बाई आली. दाढेला मोठं भोक, रात्रभर झोप नाही म्हणाली. दाजींना बघून तिचा जीव भांड्यात पडला. "बरं झालं, तुम्ही आहात. माझ्या नवऱ्याची दाढ तुम्हीच भरली होती, अजून तशीच्या तशी आहे. चला आत."

"मी आता काम करत नाही," दाजी म्हणाले.

"का?"

"डोळे गेले."

"अरेरे." बाईने मागच्या खोलीकडे बघितलं. तिथे मोठे डॉक्टर खुर्चीची उशी झटकत होते, शीळ घालत. "आणि यांचे? यांचं वय तर तुमच्याएवढंच दिसतंय."

दाजींनी तिचं नाव कागदावर लिहिलं.

"त्यांचे डोळे उत्तम आहेत," ते म्हणाले. "जा आत."

बाई आत गेली. थोड्या वेळाने मशीन घरघरलं, थांबलं. मग दिवा लागल्याची पिपाणी वाजली आणि मोठ्या डॉक्टरांचा मोकळा आवाज दारापर्यंत आला, खिडकीतून पलीकडच्या कुणाला तरी ते काहीतरी विचारत होते. दाजींनी मान वर केली नाही. बाकावर पुढचा माणूस गाल धरून बसला होता. त्याला ते म्हणाले, "थोडंच राहिलंय. त्यांचं पटकन होतं."